रोबो रडला, की रोबोला रडू आलं?

प्रश्न असा आहे: विज्ञानपटांबद्दल लिहिताना 'यंत्रमानवामध्ये भावना विकसित होऊ शकतात का?' असं वाक्य उतरलं आणि ते लिहिणाऱ्यालाच खटकलं. 'विकसित होतात' म्हणावं, 'निर्माण होतात' म्हणावं, की 'येतात'?

खटकलं ते योग्यच. विकसित होतं ते शहर, तंत्रज्ञान, फार तर एखादं कौशल्य. 'निर्माण होतात' चालेल, पण निबंधात. बोलताना आपण 'भावना' असं घाऊक नाव घेतच नाही. राग येतो, भीती वाटते, दया येते, माया लागते, जीव जडतो. घाबरणं, रागावणं ही क्रियापदं आहेतच, पण मनात काय झालं ते सांगायची मराठीची नेहमीची रीत म्हणजे 'मला भीती वाटली'. इथे मी कर्ता नाही. भीती वाटणारी, मी ती ज्याला वाटली तो. सगळी मेख या 'ला'त आहे. दाराला कडी असते, फोनला चार्जिंग नसतं, तोही 'ला'च. पण 'वाटणं' आलं की त्याच्या आधीच्या 'ला'ला मन असलेलंच कुणीतरी लागतं. 'मिक्सरला भीती वाटली' हे वाक्य बालकथेतच शोभेल.

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न 'विकसित' या शब्दाचा नाहीच. यंत्राला हा 'ला' लावायचा का, हा आहे.

'ब्लेड रनर' (१९८२) घ्या. त्यातली कृत्रिम माणसं, रेप्लिकंट, सुरुवातीला भावनेविना घडवलेली. काही वर्षांत त्यांना आपापले राग-लोभ फुटतील अशी घडवणाऱ्यांनाच शंका, म्हणून आयुष्य चारच वर्षांचं ठेवलेलं. रेचलला मात्र आपण रेप्लिकंट आहोत हेच ठाऊक नाही. आईबरोबरचा लहानपणीचा फोटो घेऊन ती रेप्लिकंटांना हुडकून मारणाऱ्या डेकार्डकडे येते, आपण माणूस असल्याचा पुरावा म्हणून. तो तिच्याच आठवणी तिला ऐकवतो, तिने कुणाला न सांगितलेल्या. खिडकीबाहेरच्या झुडपात जाळं विणणारी कोळीणसुद्धा. मग सांगतो, या तुझ्या नाहीत, तुला घडवणाऱ्याच्या भाचीच्या आहेत.

आता पुढचं वाक्य मराठीत लिहून बघा. 'तिचे डोळे भरले': कॅमेऱ्याला दिसलं तेवढंच. 'ती रडली': तिने काहीतरी केलं. बटण दाबल्यावर रडणारी बाहुलीही हे करते. 'तिला रडू आलं': हे तिने केलेलं नाही, तिला झालं. रडणं आणि रडू येणं, हसणं आणि हसू येणं हा भेद मराठीत इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याची किंमत आपल्याला कळत नाही. इथे मी बेधडक 'तिला रडू आलं' लिहीन.

'२००१: अ स्पेस ओडिसी'मधल्या (१९६८) हॅलचं, म्हणजे अंतराळयानातल्या बोलणाऱ्या संगणकाचं प्रकरण जास्त अवघड. त्याला चेहरा नाही, फक्त एक लाल डोळा. भावना खऱ्या आहेत का, असं मुलाखतीत विचारल्यावर त्याचा सहप्रवासी बोमन म्हणतो की वागतो तर तसाच, पण खऱ्या आहेत का हे कुणीच सांगू शकणार नाही. पुढे तोच बोमन त्याच्या स्मृतीचे तुकडे एकेक करून सैल करतो तेव्हा हॅल भीती वाटत असल्याचं सांगतो. आवाज मात्र होता तसाच, संथ. त्याच्या तोंडी 'मला भीती वाटतेय' हे वाक्य देणं भागच आहे, ते त्याचं म्हणणं आहे. पण आपण निवेदनात काय लिहायचं? 'बोमनने हॅल बंद केला' की 'हॅलला बंद केलं'? दिवा आपण बंद करतो, दिव्याला बंद करत नाही. मी तो प्रसंग जितक्या वेळा पाहिला, तितक्या वेळा मनात 'हॅलला'च आलं.

'भावना' या शब्दाबद्दलही एक सांगायला हवं. तो 'भू' धातूच्या प्रयोजकापासून आला. 'भू' म्हणजे असणं, होणं, आणि 'भावना' म्हणजे व्हायला लावणं. आयुर्वेदात अजूनही औषधाला भावना देतात. आवळ्याचं चूर्ण आवळ्याच्याच रसात खलायचं, सुकू द्यायचं, पुन्हा रस घालून खलायचं. अशा भावनांवर भावना दिल्या की रस चूर्णात पुरता मुरतो. रेचलला दिलेल्या त्या आठवणी मला अशाच वाटतात. रस दुसऱ्याचा होता, पण मुरला तिच्यात.

तेव्हा मूळ वाक्य मी असं लिहीन: 'यंत्रमानवाला कधी राग येईल का, कुणाचा लळा लागेल का?' शास्त्रीय लेखात एकच शब्द हवा असेल तर 'यंत्रमानवात भावना जागी होऊ शकते का?' चालेल. मात्र रेचलसाठी 'यंत्रमानव' नको, तिच्यात यंत्र कुठेच नाही. 'कृत्रिम माणूस' म्हणा.