केमो की गोळी? आधी गाठीची तपासणी

प्रश्न (उदगीर): आईचं वय ६२. विडी-तंबाखू कधीच नाही. चार महिने टीबीच्या गोळ्या घेतल्या, गुण आला नाही. आता बायोप्सीत फुफ्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा आलाय, चौथी स्टेज. डॉक्टर ईजीएफआर आणि एएलके या गाठीतल्या जनुकांची तपासणी सांगतात. रिपोर्टला दोन आठवडे लागतील. पाहुणे म्हणतात, थांबू नका, केमो लावा.

उत्तर: आईला धाप नसेल तर थांबा. भारतात या कॅन्सरच्या साधारण चारांपैकी एका रुग्णात ईजीएफआर जनुकातला बदल सापडतो. कधीच विडी न ओढलेल्या बायकांत त्याहून जास्त. बदल सापडला तर रोजच्या एका गोळीनं गाठ केमोपेक्षा जास्त काळ आटोक्यात राहते. मग ‘बघू तरी’ म्हणून गोळीच का सुरू करू नये? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आयपास चाचणीत आशियातल्या रुग्णांना जेफिटिनिब ही ईजीएफआरवरची गोळी देऊन पाहिली. ज्यांच्यात बदल होता त्यांना ती केमोपेक्षा जास्त लागू पडली. ज्यांच्यात नव्हता त्यांचा आजार केमोवाल्यांपेक्षा लवकर वाढला. अंदाजानं गोळी देणं म्हणूनच धोक्याचं.

धाप फार असेल तर डॉक्टर केमोचा पहिला डोस देऊन रिपोर्टची वाट पाहू शकतात. मात्र रिपोर्टआधी इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) नको. तिच्या पाठोपाठ ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची गोळी दिली तर फुफ्फुसाला गंभीर सूज येऊ शकते.

आणखी एक, सगळ्यांसाठीच. आपल्याकडे फुफ्फुसावर डाग दिसला की आधी टीबीच आठवतो. थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि गोळ्यांनीही उतार पडत नाही, तर सीटी आणि बायोप्सीची मागणी करा. कोर्स संपायची वाट बघत आजार अंगावर काढू नका.

प्रश्न (बीड): वडिलांच्या आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन इथंच झालं. आता संभाजीनगरचे डॉक्टर केआरएएस या जनुकाची तपासणी सांगतात. परत तुकडा काढावा लागेल का?

उत्तर: बहुधा नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये तुमचा ब्लॉक असेल. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, खाली प्लास्टिकची छोटी चौकट, तिच्यावर नंबर. तो नंबर तुमच्या रिपोर्टवर असतोच. अर्ज देऊन ब्लॉक मागा. तुकड्याच्या नुसत्या काचा (स्लाइड) पुरतीलच असं नाही. ब्लॉक रुग्णाच्या कामाचा आहे, मागायला संकोच नको. एप्रिल-मेमध्ये नेताना मात्र गाडीच्या काचेमागे ठेवू नका. आपल्या उन्हात मेण मऊ पडतं. डबीत घालून पिशवीत, सावलीत न्या.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी आधीच विचारून घ्यावं : तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) पडेल ना? सलाइनच्या बाटलीत रात्रभर राहिलेल्या तुकड्यातून पुढं खात्रीचं उत्तर मिळत नाही. स्तनाच्या गाठीसाठी तर नियमच आहे : तासाभराच्या आत फॉर्मॅलिन, आणि त्यात ६ ते ७२ तास.

प्रश्न (वसमत): पत्नीच्या स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये ‘हर-टू : २+’ आहे. म्हणजे पॉझिटिव्ह का?

उत्तर: अजून ठरलेलं नाही. हर-टू हे गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे अनिश्चित, पुढे फिश (हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी) तपासणी हवी, तीही त्याच ब्लॉकवर. फिश पॉझिटिव्ह आली तर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन केमोच्या जोडीनं फार उपयोगी पडतं. भारतीय कंपन्यांची बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच औषधं) मिळतात, ती मूळ औषधापेक्षा स्वस्त आहेत. महात्मा फुले योजनेतून काय मिळेल ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचाराआधीच विचारा. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी टू-डी इको करून घ्या, कारण हे औषध हृदयाला जड जाऊ शकतं.

प्रश्न (भोकरदन): भावाला गुटख्यानं जिभेचा कॅन्सर, पहिलीच स्टेज. एक माणूस मोठ्या रकमेची ‘सगळ्या जनुकांची’ तपासणी सुचवतोय. शेत गहाण टाकू का?

उत्तर: नका टाकू. या टप्प्यावर उपचार म्हणजे ऑपरेशन, आणि गरज पडली तर शेक (रेडिएशन). जनुकांच्या त्या रिपोर्टनं आज त्यात काही बदलणार नाही. कोणतीही तपासणी करण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा : ‘या रिपोर्टनं उपचार बदलणार का?’ सध्या पैसा आणि वेळ ऑपरेशनची तारीख लवकर मिळवण्यात घाला.