लांब राहून एअरबीएनबीवरचे (पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायचे) फ्लॅट सांभाळता येतात का? एकाचे पाच-सहा करायचे तर कसं?

येतात की. पण लोक आधी ॲप आणि स्मार्ट लॉकच्या (कोडने उघडणाऱ्या कुलपाच्या) मागे लागतात, खरा धंदा चालतो सफाई करणाऱ्यावर. 11 ला चेकआउट, 3 ला चेकइन, मधल्या 4 तासांत चादरी बदलून, बाथरूम घासून फोटो पाठवणारा माणूस हवा, आणि तो आजारी पडला तर दुसरा तयार हवा. मी फोटो ठरलेलेच मागवतो, सिंकखालचा, गादीचा, फ्रिज उघडून, कारण एकदा फ्रिजमध्ये आधीच्या पाहुण्याचं नासलेलं दूध निघालं आणि रिव्ह्यूची वाट लागली.

कुलपाचा कोड दर बुकिंगला बदला, बॅटरी नको तेव्हाच संपते म्हणून एक चावी की-बॉक्समध्ये असू द्या. दोन साइटवर लिस्टिंग असेल तर नुसत्या आयकॅलवर (दोन्हीकडची कॅलेंडरं जोडणाऱ्या लिंकवर) विसंबू नका, ते लगेच अपडेट होत नाही, तेवढ्यात डबल बुकिंग होऊन बसतं, तिसऱ्या फ्लॅटपासून चॅनल मॅनेजर, म्हणजे सगळ्या साइटवरची बुकिंग एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्याच. आणि हो, लांबून लक्ष ठेवायला घरात कॅमेरा वगैरे डोक्यातून काढा, एअरबीएनबीने 30 एप्रिल 2024 पासून आतले कॅमेरे बंद केलेत, दाराबाहेरचा चालतो पण लिस्टिंगमध्ये सांगावा लागतो.

पुढचा फ्लॅट शक्यतो त्याच भागात बघा, तीच सफाईची टीम, तोच प्लंबर पुरतो.