वर्षभरात ‘नर्स’ करणाऱ्या कोर्सला पैसे भरण्याआधी

प्रश्न : आम्ही भांडुपला राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीबी ग्रुप. तिला नर्सच व्हायचंय. स्टेशनजवळच्या एका संस्थेत एक वर्षाचा ‘नर्सिंग डिप्लोमा’ आहे, लगेच नोकरी लावून देतो म्हणतात. माझी नणंद म्हणते, एएनएम करू दे, दोन वर्षांत मोकळी होईल. शेजारचे बी.एससी.चा आग्रह धरतात. घरात मिळवते एकटे तिचे बाबा. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, त्या एक वर्षाच्या कोर्सला पैसे भरू नका. वर्षभरात रुग्णसेवा साहाय्यकाचं काम शिकता येतं. ते काम मोलाचं आहे, त्याला मागणीही आहे. पण त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय स्टाफ नर्सच्या पदासाठी अर्जच करता येत नाही. संस्थेत जाऊन एवढंच विचारा, ‘कोर्स झाल्यावर माझ्या मुलीचं नाव कौन्सिलच्या कोणत्या रजिस्टरमध्ये चढेल?’ ‘सरकारमान्य आहे’ किंवा ‘दिल्लीचं सर्टिफिकेट मिळतं’ असं सांगितलं, तर उत्तर मिळालेलं नाही असं समजा आणि उठून या.

एएनएमची नोंदणी होते, पण साहाय्यक परिचारिका-प्रसाविका म्हणून. उपकेंद्र, आरोग्य केंद्र, लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी हे त्यांचं क्षेत्र. पुढे स्टाफ नर्स व्हायचं ठरवलं तर जीएनएमची, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी डिप्लोमाची, तीन वर्षं पुन्हा आहेतच. म्हणजे दोन वर्षं वाचवायला जाऊन पाच लागायची. तुमच्या मुलीला नर्सच व्हायचंय, म्हणून हा रस्ता तिच्यासाठी नाही.

राहिले दोन, जीएनएम आणि बी.एससी. नर्सिंग. दोन्हींनंतर नोंदणी सारखीच, आरएन-आरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका. जीएनएम तीन वर्षांचं, बारावी कुठल्याही शाखेची चालते, एकूण 40 टक्के आणि इंग्रजीत पास हवं. बी.एससी. चार वर्षांचं, त्याला पीसीबीत मिळून 45 टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. फरक पुढे जाणवतो. एम्सच्या नॉरसेट या नर्स भरतीच्या परीक्षेला बी.एससी. झालेली मुलगी नोंदणी होताच बसू शकते. जीएनएमवालीला आधी किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. एम.एससी.साठी जीएनएमवालीला मध्ये दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एससी. करावं लागतं. पीसीबी हातात असताना बी.एससी.ची दारं बंद करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात पैसे लवकर यायलाच हवेत अशी वेळ असेल, तर जीएनएम हाही सन्मानाचा रस्ता आहे.

बी.एससी.साठी राज्याच्या सीईटी सेलची वेगळी परीक्षा असते. इथे बरीच मुलं चुकतात, कारण अर्ज बारावीच्या निकालानंतर भरायचा असं त्यांना वाटतं. अलीकडे तो बोर्डाच्या परीक्षेच्या आसपासच भरून घेतात, म्हणून डिसेंबरपासूनच सेलच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा. पेपर 100 प्रश्नांचा : फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी 20. नीटची तयारी केलेली मुलं शेवटच्या दोन विषयांकडे बघतच नाहीत आणि 40 गुणांवर पाणी सोडतात.

नीटचा फॉर्मही भरा, एका खास कारणासाठी. लष्करी परिचर्या सेवेच्या बी.एससी.ची निवड नीटवरून सुरू होते आणि त्यांचं एक कॉलेज कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात आहे. शिक्षण आणि राहणं सरकारी खर्चानं, वर विद्यावेतन. त्या बदल्यात पुढे सेवेत राहण्याचा करार लिहून द्यावा लागतो. एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घरानं याचा जरूर विचार करावा. जागा मात्र थोड्या आहेत.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, रुग्णालय बघा. जे. जे.च्या आवारातल्या संस्थेतली मुलगी एका आठवड्यात जितक्या प्रकारचे रुग्ण बघेल, तितके लहान रुग्णालयाच्या कॉलेजात महिन्यातही दिसणार नाहीत. खासगी कॉलेजात गेलात तर विचारा : स्वतःचं रुग्णालय किती खाटांचं, त्यातल्या भरलेल्या किती? बाळंतपणाचा वॉर्ड चालतो का? मानसोपचाराची पोस्टिंग कुठे असते? विद्यार्थिनीला देखरेखीखाली बाळंतपणं करून प्रत्येकाची नोंद वहीत सही घेऊन ठेवायची असते. वॉर्डात बायकाच नसतील तर वह्या एकमेकींच्या बघून भरल्या जातात, आणि मुलगी पहिल्या नोकरीत लेबर रूममध्ये गोंधळते. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींशी कॉलेजच्या गेटबाहेर बोला, प्राचार्यांपेक्षा त्या जास्त सांगतील. कॉलेजचं नाव भारतीय परिचर्या परिषद आणि राज्य कौन्सिल, दोन्हींच्या यादीत स्वतः शोधा. एजंटनं मोबाइलवर दाखवलेलं पत्र धरू नका. परराज्यात शिकली तर आधी तिथल्या कौन्सिलची नोंदणी आणि मग महाराष्ट्रात बदली, त्यात महिने जातात.

मुलीला आत्ताच दोन गोष्टी करायला सांगा. पहिली, गणित पक्कं करायचं. पाचशे मिली सलाइन आठ तासांत द्यायचं आहे आणि सलाइनच्या नळीचा सेट मिलीला 20 थेंबांचा आहे, तर 500 गुणिले 20 भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. हा हिशेब रात्रपाळीत, झोपेशी झगडत, न चुकता करावा लागतो. दुसरी, हेपेटायटिस बीची लस. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असतात. आज सुरू केली तर पहिली सुई हातात धरण्याआधी पूर्ण होईल.

जातीच्या दाखल्यावर प्रवेश घेणार असाल तर पडताळणीचा अर्ज या महिन्यातच कॉलेजमार्फत टाका. नॉन-क्रीमी लेयर लागत असेल तर त्याची मुदत पुढच्या प्रवेशापर्यंत आहे ना, तेही बघून घ्या. पडताळणी वेळेत न आल्यानं राखीव जागा हातची गेलेल्या मुली दरवर्षी असतात.