वाचकांचे प्रश्न : नव्या अमेरिकेचे परदेशातले वकील

प्रश्न : गायकवाडांनी गंगाधरशास्त्री पटवर्धनांना हिशेबाच्या बोलणीसाठी पेशव्यांकडे पाठवले, ते ईस्ट इंडिया कंपनीची हमी घेऊन. त्या काळी अमेरिकाही नवखाच देश होता. तिथे परदेशात पाठवायचे वकील, म्हणजे दूत, कोण नेमत असे, पगार किती असे आणि घोडे कुठे अडत असे?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाव राष्ट्राध्यक्षाने सुचवायचे, पण सिनेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, होकाराशिवाय नेमणूक पक्की होत नसे. हा होकार नुसता उपचार नव्हता. १७९२ मध्ये गूव्हर्नर मॉरिस (हे त्यांचे नाव, हुद्दा नव्हे) यांची पॅरिसची नेमणूक १६ विरुद्ध ११ मतांनी कशीबशी निभावली. सिनेटची बैठक नसेल तर राष्ट्राध्यक्ष तात्पुरता माणूस नेमू शकत. ती मुदत पुढच्या अधिवेशनाअखेर संपे.

पैशाची बाजू १ जुलै १७९० च्या कायद्याने ठरली. साऱ्या परदेशी कारभारासाठी वर्षाला ४०,००० डॉलर. पूर्णाधिकारी मंत्र्याला (हा दूताचाच हुद्दा) जास्तीत जास्त ९,०००, प्रभारी दूताला ४,५००, सचिवाला १,३५०. शिवाय निघताना घर मांडण्यासाठी जास्तीत जास्त एका वर्षाच्या पगाराइतकी रक्कम. लंडन-पॅरिसच्या राजधानीतला इतमाम सांभाळायला हे अपुरेच होते, त्यामुळे पदरचे पैसे घालू शकणाराच तिथे टिके. आमच्या मते त्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी उणीव. राजदूत हा वरचा हुद्दा तर अमेरिकेने १८९३ पर्यंत कुणालाच दिला नाही.

सिनेटने होकार दिला तरी यजमान सरकारने दार उघडायला हवे. अमेरिकेचे नवे दूत चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी १७९६ च्या डिसेंबरात पॅरिसला पोचले, तर तिथल्या सरकारने त्यांना स्वीकारायलाच नकार दिला.

अंतराचा त्रास वेगळाच. पत्र बुडू नये म्हणून त्याच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांनी धाडत, गुप्त मजकूर सांकेतिक अंकांत लिहीत. तरी उत्तर यायला महिने लागत. अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना हा मोठा मुलूख घेतला, त्या खरेदीत तिचे दूत मन्‍रो आणि लिव्हिंग्स्टन यांना अधिकार होता न्यू ऑर्लिन्स आणि फ्लोरिडापुरता, सुमारे १ कोटी डॉलरपर्यंत. समोरून सारा लुइझियाना देऊ केला गेला. विचारायला वेळ नव्हता; दोघांनी दीड कोटीला होकार दिला. तहावर तारीख ३० एप्रिल १८०३ ची पडली आणि अमेरिकेत तो ४ जुलैला जाहीर झाला.

प्रश्न : कलकत्त्यातही अमेरिकेचा माणूस होता म्हणतात, ते खरे का?
– तेच वाचक

उत्तर : होय. बेंजामिन जॉय यांना राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी १७९२ मध्ये कॉन्सल (परक्या बंदरात आपल्या देशाचा व्यापार आणि खलाशी यांची काळजी घेणारा अधिकारी) नेमले. ते १७९४ मध्ये कलकत्त्याला पोचले, पण कंपनीने त्यांना कॉन्सल मानले नाही, व्यापारी प्रतिनिधी म्हणून राहू दिले. उत्तर आफ्रिकेतली काही ठिकाणे सोडली तर कॉन्सलना पगार नसे. १७९२ च्या कायद्याप्रमाणे त्यांनी २,००० ते १०,००० डॉलरचा जामीन लिहून द्यायचा आणि कमाई फीवर करायची : मोहोर लावून दाखला दिला की दोन डॉलर, परदेशात वारलेल्या अमेरिकनाची मालमत्ता ताब्यात घेतली की पाच टक्के. म्हणून बहुतेक कॉन्सल व्यापारीच असत, आणि देशाचे काम व स्वतःचा धंदा एकमेकांत मिसळे. अडकलेल्या खलाशाच्या पोटापाण्याला मात्र सरकारी खर्चाने दिवसाला १२ सेंटपर्यंत देता येत, आणि परतणाऱ्या अमेरिकन जहाजांना दर १०० टनांमागे दोनपर्यंत असे खलाशी घेणे भाग होते.