'६७५ पट'च्या खोक्याला भुलू नकोस

अरे, खोक्यावर '६७५ पट' छापलंय म्हणून दुर्बीण उचलू नकोस. मी तेच केलं होतं. कोथरूडच्या गच्चीवरून शनी म्हणजे थरथरणारा पिवळा डाग दिसला, बस्स.

किती पट मोठं दिसेल याचं गणित सोपं आहे: मुख्य भिंगाचं किंवा आरशाचं नाभीय अंतर (तिथून प्रकाश एका बिंदूत जमतो तिथपर्यंतचं अंतर) भागिले नेत्रिकेचं, म्हणजे डोळा लावतो त्या छोट्या भिंगाचं. १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीची नेत्रिका लावलीस की ४८ पट, १० मिमीची लावलीस की १२०. नेत्रिका बदलून आकडा कितीही फुगवता येतो, प्रकाश मात्र वाढत नाही. तो मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरतो. ६० मिमी व्यासाला साधारण १२० पटीपुढे चित्र मोठं होतं, पण तपशील येत नाही.

मी तर म्हणेन, १५० मिमी व्यासाची न्यूटन पद्धतीची आरशाची घे. स्वस्त भिंगातून चंद्राच्या कडेला जांभळी किनार दिसते, कारण प्रत्येक रंग वेगवेगळा वाकतो. आरशात ती भानगड नाही. आरसे अधूनमधून जुळवावे लागतात, एवढंच. (आणि आरसा फडक्यानं पुसू नकोस, हात जोडतो!)

आधी २५ मिमीनं शनी शोध. कडं इवलंसं दिसेल, पण रेखीव. उन्हानं तापलेल्या गच्चीवर हवा हलत असते. जेवून, दहानंतर वर जा.