सेवा करताना मन लागत नाही, म्हणजे माझा विश्वास कमी झाला का?

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काम करणाऱ्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा फिरून फिरून हाच प्रश्न असतो, की ताई आता प्रार्थनेला बसलं तरी मन लागत नाही, कोणाच्या घरी भेटीला जायचं म्हटलं की छातीत धडधडतं, माझा विश्वासच उणा पडला का? इथे इंदूरमधलीच एक केस सांगते, त्यांना विचारूनच सांगतेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

त्या एका पाळकसाहेबांच्या (पास्टरांच्या) पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या पाळकबाई. पहिल्या भेटीत पाऊण तास दुसऱ्यांबद्दलच बोलत होत्या, कोणाचं डायलिसिस चालू आहे, कोणाची मुलगी घर सोडून गेली, सासूबाईंची शुगर किती वाढलीय. मी विचारलं, आणि तुम्ही कशा आहात? तर म्हणाल्या, "माझं काय ताई, मी ठीक आहे," आणि मग जे रडू फुटलं ते थांबेचना.

मी त्यांना एक वही दिली, म्हटलं आठवडाभर काय काय केलं ते लिहा आणि प्रत्येक कामापुढे "सोबत कोण" हेही लिहा. पुढच्या वेळी वही उघडली तर रविवारची शाळा, बुधवारी घरून डबे करून एमवायला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला, पेशंटच्या भेटी, शुक्रवारी बाणगंगेकडच्या वस्तीत बायकांची प्रार्थना, गाण्यांची प्रॅक्टिस, एका घरी मयत झाली तिथे रात्रभर, आणि पाळकघरात येईल त्याला चहा, शिवाय जायच्या-यायच्या मॅजिक गाडीचं भाडं भाजीच्या पैशातून. "सोबत कोण" खाली सगळीकडे एकच शब्द, मी. मी. मी. साहेब भेटीला जातात तेव्हा स्कूटरवर चर्चच्या कमिटीतले एक काका बरोबर असतात, ह्या मात्र संध्याकाळी वस्तीतून एकट्या परततात आणि कोणी अडवून काही विचारलं तर काय सांगायचं ही भीती मनात घेऊन परततात, हे घरात कधी बोलल्याच नव्हत्या.

मी आधी त्यांना रक्त तपासायला पाठवलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. त्या म्हणाल्या, मी तर उपास करून प्रार्थना वाढवायचं ठरवलं होतं! मग आम्ही बायबलमधलं १ राजे १९ काढून वाचलं. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणतो पुरे झालं, मला मरण दे, आणि देवदूत त्याला रागवत नाही, भाकर देतो, पाणी देतो, तो परत झोपतो तर झोपू देतो आणि उठवून परत खायला घालतो. हे मी फार मनापासून सांगते, थकलेल्या बाईला आधी जेवण, झोप आणि डॉक्टर द्या, उपदेश नंतर. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल तर डिप्रेशन असू शकतं, तेव्हा लाजू नका, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर १४४१६ आहे, फोन करा.

मग साहेबांना बोलावलं. माणूस चांगला, वही वाचून गप्पच झाले, म्हणाले मला वाटायचं हिला आवडतं म्हणून करते. आवडतं तर होतंच हो, पण आवडीच्या कामानेही माणूस थकतो.

कमिटीसमोर बोलायला त्यांनीच मला नेलं. तिथे एक वडीलधारे सभासद म्हणाले, महिला रविवारी आम्ही शाल देऊन सत्कार करतोच की, आणि पंडिता रमाबाईंनी एवढं सगळं एकटीनेच केलं ना? मी म्हटलं, नाही काका, एकटीने नाही. १८८९ मध्ये मुंबईत त्यांचं विधवा-मुलींसाठीचं शारदा सदन सुरू झालं त्याच्या मागे बोस्टनला १८८७ मध्ये स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन होती, दहा वर्षं पैसे पुरवायचं वचन देऊन, पुढे कामाला सुंदराबाई पवार होत्या, मुलगी मनोरमा होती. आणि बायबलमधलं रोमकरांस १६ उघडा, प्रेषित पौल फीबी नावाच्या बाईबद्दल लिहितो, ती मंडळीची सेविका, तिने पुष्कळांना मदत केलीय, पण नुसतं कौतुक करून थांबत नाही, तिला ज्या कामात तुमची गरज लागेल त्यात तिला मदत करा असं मंडळीलाच सांगतो. प्रभू येशूनेही बारा शिष्यांना पाठवलं तेव्हा दोघे दोघे पाठवलं, मग आमच्या बाईने एकटीने का जायचं?

त्या दिवशी सगळं काही ठरलं नाही. भाड्याचे पैसे मंजूर झाले, वस्तीत दोघी मिळूनच जायचं हे ठरलं, आणि एक रिटायर्ड नर्स आंटी आपणहून म्हणाल्या की एमवाय माझं, मला तिथले वॉर्ड पाठ आहेत. रविवारच्या शाळेसाठी अजून कोणी तयार नाही, ते घोंगडं भिजतच पडलंय. मी बाईंना एक वेगळी मैत्रीणही शोधायला सांगितलं, आपल्या मंडळीबाहेरची, जिच्यासमोर त्या पाळकबाई नसतील. ती त्यांना देवासला सापडली, जुनी कॉलेजची मैत्रीण.

परवा त्यांचा फोन आला होता, बुधवारी. मी घाबरून विचारलं, आज एमवायला नाही गेलात? तर म्हणाल्या, "आंटी आणि अजून एकजण गेल्यात ताई, मी देवासला आलेय, आत्ता जेवून पडलेय."