लायब्ररीत मूळ साधनं कशी शोधायची? (१८९७ चा पुण्यातला प्लेग)

एमएच्या प्रबंधाला १८९७ चा पुण्यातला प्लेग घेतलाय, पण लायब्ररीत सगळी हल्लीचीच पुस्तकं मिळतायत, त्या काळातलं मूळ काही कसं शोधायचं असं विचारलंय तुम्ही. मी याच विषयावर काम केलंय म्हणून सांगते.

कॅटलॉगमध्ये 'प्लेग' शोधत बसू नका. केसरीच्या बांधीव फाइलवर फक्त नाव आणि वर्ष असतं, आत प्लेग आहे हे कॅटलॉगला काय माहीत! त्यामुळे विषयाने नाही, तारखेने मागायचं. मुंबईत मांडवीला साथ सुरू झाली सप्टेंबर १८९६ मध्ये आणि पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली २२ जून १८९७ ला, तेवढे अंक काढून घ्या आणि सरळ पहिल्यापासून वाचा, केसरी तेव्हा साप्ताहिक होता त्यामुळे चाळीसएक अंकच होतात. 'गांठीचा ताप', 'ग्रंथिक सन्निपात' असे प्लेगचे तेव्हाचे शब्द दिसले की थांबा. मी सुरुवातीला नुसते अग्रलेख उतरवून घेत होते आणि मग परत सगळं पहिल्यापासून वाचावं लागलं, कारण लोक कसे जगत होते ते आतल्या पानांवर बारीक टायपात असतं, वाचकांची पत्रं, औषधांच्या जाहिराती वगैरे. पानं इतकी ठिसूळ की कड धरली तर बोटाला भुगा लागतो, म्हणून खालून तळहाताचा आधार देऊन उलटायची.

आणि कृपा करून एकट्या केसरीवर प्रबंध उभा करू नका. ज्ञानप्रकाश हे वृत्तपत्र बघा, सत्यशोधकांचं दीनबंधु जिथे मिळेल तिथे बघा. दीनबंधुचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनेच गेले आणि महिन्याभरात, १० मार्चला सावित्रीबाई फुलेही. ही माणसं सुटली तर तुमचा प्लेग फक्त वाड्यांमधला, म्हणजे वरच्या जातींचाच राहील.

सरकारी कागद मुंबईत राज्य पुराभिलेखागारात आहेत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे नुसतं 'प्लेगचं द्या' म्हणून भागत नाही, व्हॉल्यूम नंबर लागतो, आणि तो मिळतो तुम्ही वैतागलात त्याच हल्लीच्या पुस्तकांच्या तळटीपांमध्ये! 'जनरल डिपार्टमेंट (प्लेग)' असं दिसलं की वर्ष आणि नंबर वहीत उतरवा आणि तोच मागा. वही आणि पेन्सिल न्या, शाईपेन नको, आणि फोटो काढायचे असतील तर आधी विचारून घ्या.